पाया कोणाच्या मालकीचा?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी 'शहरांतील उंच इमारती' या विषयावर चार शब्द बोला असे सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी इंजिनियर नाही, वकील नाही, आणि माझे स्वतःचे घर आजही एकमजली आहे. गेली बावीस वर्षे हायस्कुलात भूगोल शिकवतो, एवढाच काय तो माझा जमिनीशी संबंध. यावर चिटणीस म्हणाले, "सर, इमारत कितीही उंच झाली तरी उभी जमिनीवरच राहते ना? मग तुम्हीच बोला." या युक्तिवादाला मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे.

विषय स्वीकारण्याला आणखी एक कारण घडले, ते घरगुती आहे. माझा धाकटा भाऊ पुण्याला एका कारखान्यात नोकरीला असतो. मागच्या वर्षी त्याने एका नियोजित इमारतीत सतराव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचे ठरवले. इमारत अजून कागदावरच होती. त्याचा फोन आला, "भाईजान, सही करायच्या आधी तुम्ही एकदा येऊन बघा." मी गेलो. विक्रीच्या कचेरीत काचेच्या पेटीत इमारतीची सुरेख प्रतिकृती ठेवली होती. इवलीशी झाडे, पोहण्याचा निळा तलाव, तलावाकाठी नखाएवढी माणसे. मी तिथल्या तरुणाला विचारले, "पाया किती खोल जाणार आहे? आणि खाली काय लागले?" तो क्षणभर गोंधळला, मग अगदी आदबीने म्हणाला, "सर, ते आमचे इंजिनियर बघतात. तुम्ही सतराव्या मजल्यावरून दिसणारी टेकडी बघा."

माझे वडील गवंडी होते. घर बांधायचे म्हणून कोणी आला तर दाराखिडक्यांची गोष्ट ते सर्वांत शेवटी काढीत. आधी चर खणायचा, त्यात पाणी ओतून रात्रभर ठेवायचे, आणि सकाळी चहासुद्धा न घेता काठावर उकिडवे बसून बघायचे. त्या प्रतिकृतीपुढे मला अब्बांची फार आठवण झाली. प्रतिकृतीला अर्थातच पाया नव्हता. ती एका टेबलावर ठेवलेली होती.

परतीच्या प्रवासात मला सारखी आठवत राहिली ती अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को शहरातल्या एका इमारतीची हकीकत. मृदेचा धडा आला की मी ती वर्गात सांगतो. आज तीच आपल्याला जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण मातीचा आणि मालकी हक्काचा संबंध इतका स्वच्छ दिसावा असे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

या इमारतीचे नाव मिलेनियम टॉवर. मिशन आणि फ्रीमॉन्ट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर ती उभी आहे. काम २००५ साली सुरू झाले आणि २००९ साली इमारत रहिवाशांना खुली झाली. उंची ६४५ फूट, मजले ५८. शेजारची बारा मजली जोडइमारत धरून एकूण ४१९ घरे. बहुतेक घरांची किंमत दहा लाख डॉलरांच्या वर. गंमत अशी की लिफ्टमध्ये शेवटच्या मजल्याचा आकडा ६० आहे, कारण १३ आणि ४४ हे आकडे अशुभ मानून गाळले आहेत. आपण आपल्या लोकांच्या मुहूर्त-वास्तूच्या कल्पनांना हसतो. पण लक्षावधी डॉलर मोजणारा अमेरिकन खरेदीदारसुद्धा तेराव्या मजल्यावर राहायला राजी नसतो, हे त्या बिल्डरला पक्के ठाऊक होते.

आता ही जागा कसली होती ते पाहू. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढच्याच वर्षी जगभरातून गलबते सान फ्रान्सिस्कोच्या खाडीत येऊन थडकली. खलाशी सोन्याच्या शोधात पळाले आणि गलबते तिथेच सडत पडली. शहराला जागा हवी होती. लोकांनी वाळू, दगड, कचरा, जे हाताला लागेल ते खाडीत लोटून जमीन तयार केली. कित्येक गलबते त्या भरावातच पुरली गेली. आजही त्या व्यापारी पेठेत पायासाठी खोल खणले की कधी कधी जुन्या गलबताचे सांगाडे लागतात. मिलेनियम टॉवर ज्या कोपऱ्यावर आहे तिथे एके काळी पाणी होते. १९०६ च्या एप्रिलमधील भूकंपात शहराला सर्वाधिक धक्का बसला तो अशा भरावाच्या वस्त्यांत. १९८९ च्या ऑक्टोबरातल्या भूकंपातही तसेच झाले. म्हणजे माती काय चीज आहे हे त्या शहराने दोनदा अनुभवले होते.

या भरावाखाली खाडीचा मऊ चिखल आहे. त्याखाली घट्ट वाळूचा थर. वाळूच्या खाली जुन्या चिकणमातीचा जाड थर, आणि मग दोनशे फुटांहून अधिक खोलीवर खडक. इमारतीसाठी काँक्रीटचे नऊशेहून अधिक खांब जमिनीत ठोकले. त्यांची खोली सुमारे साठ ते नव्वद फूट, म्हणजे वाळूच्या थरापर्यंत. खडकापर्यंत एकही खांब गेला नाही. या खांबांच्या माथ्यावर दहा फूट जाडीचा काँक्रीटचा सलग चौथरा आणि त्यावर सारी इमारत. हे काही अडाणीपणाचे काम होते असे समजू नका. त्या भागातल्या दुसऱ्याही इमारती अशाच वाळूत टेकलेल्या खांबांवर उभ्या आहेत. परंतु ही इमारत पोलादी सांगाड्याची नव्हती, काँक्रीटची होती. म्हणून तितक्याच उंचीच्या पोलादी इमारतीपेक्षा पुष्कळ जड. आणि वाळू कितीही घट्ट असली तरी वाळूच्या खाली चिकणमाती होतीच.

चिकणमातीवर ओझे आले की काय होते, हे मी मुलांना चक्क्याच्या उदाहरणाने समजावतो. दही फडक्यात बांधून वर जड पाटा ठेवला तर काय होते, ते इथे बसलेल्या भगिनींना मी सांगायला नको. पाणी एकदम निघत नाही, थेंबथेंब निघते. रात्री ठेवलेला पाटा सकाळी दोन बोटे खाली गेलेला असतो. दही फुटलेले नसते, फडके फाटलेले नसते. फक्त मधले पाणी गेलेले असते. चिकणमातीचे तसेच आहे. तिच्या कणांमध्ये पाणी अडकलेले असते आणि वाट इतकी अरुंद असते की ते बाहेर पडायला वर्षे लागतात. चक्क्याला एक रात्र पुरते, या मातीला दशके लागतात. पाटा सगळीकडे सारखा दाबला गेला तरी एक वेळ चालते. एका बाजूला जास्त दबला की तो कलतो.

आपल्याकडेही हे नवे नाही. खानापूरकडच्या तांबड्या मातीत आणि जांभ्यात बांधलेले घर आणि सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत बांधलेले घर यांत फरक असतो हे जुन्या माणसांना माहीत आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग पडते. तिथे रोग वेगळा आहे; पण मूळ तेच, माती आणि पाणी.

इमारत आयुष्यभरात चार ते सहा इंच खचेल असा अंदाज केला होता. २०१६ च्या उन्हाळ्यात लोकांना कळले की ती सोळा इंच खचली आहे आणि वायव्येकडे कलली आहे. त्याच वर्षी युरोपीय अंतराळ संस्थेने उपग्रहावरून घेतलेली मोजणी प्रसिद्ध केली. आकाशातूनसुद्धा तिचे खचणे दिसत होते. वरच्या मजल्यावरच्या एका रहिवाशाने फरशीवर काचेची गोटी सोडली. ती घरंगळत निघाली, वळली आणि इमारतीचा कल होता त्या बाजूला वेग घेत गेली. २०१८ च्या सप्टेंबरात छत्तिसाव्या मजल्यावर एका खिडकीची काच तडकली.

मग सुरू झाले ते आपल्या ओळखीचे आहे. बिल्डर म्हणाला, दोष शेजाऱ्याचा. शेजारी २०१० पासून एका मोठ्या सार्वजनिक वाहतूक स्थानकासाठी खोल खोदाई चालू होती, आणि तिच्यासाठी जमिनीतले पाणी उपसल्याने आमची इमारत खचली, असे त्याचे म्हणणे. स्थानकवाल्यांचे उत्तर असे की आम्ही कुदळ लावण्यापूर्वीच ही इमारत दहा इंच खचलेली होती. खटल्यांच्या तपशिलात मी आपल्याला नेत नाही. ते बरीच वर्षे चालले आणि २०२० मध्ये तडजोडीने मिटले.

मला महत्त्वाची वाटते ती वेगळी गोष्ट. २००९ च्या फेब्रुवारीत, म्हणजे घरे खुली होण्याच्या आधीच, शहराच्या बांधकाम तपासणी खात्याने इमारतीच्या अभियंत्यांना अंदाजापेक्षा जास्त खचण्याविषयी पत्र लिहून विचारणा केली होती. उत्तरात आठ इंचांहून अधिक खचल्याचे नमूद होते. हा पत्रव्यवहार दप्तरात पडून राहिला आणि २०१६ मध्ये उजेडात आला. खरेदीदारांना हे सांगितले नाही म्हणून शहराच्या सरकारी वकिलांनी त्याच वर्षी बिल्डरवर दावा लावला. बिल्डरने आरोप नाकारला. कोण किती दोषी हा निवाडा माझा नव्हे. मी एवढेच पाहतो की कागद होता, आकडा होता, आणि ज्यांच्या नावावर तो पाया होणार होता त्या चारशे कुटुंबांपर्यंत तो पोचला नाही.

'ज्यांच्या नावावर पाया' हे मी अलंकारिक बोलत नाही. अशा घराला तिकडे कॉन्डोमिनियम म्हणतात. ही रीत अमेरिकेत फार जुनी नाही. पोर्तो रिको बेटावर १९५८ साली आणि युटा राज्यात १९६० साली तसा कायदा झाला, आणि नंतर इतर राज्यांत. कल्पना अशी की चार भिंतींच्या आतले घर तुमच्या एकट्याचे, आणि जिना, गच्ची, लिफ्ट, जमीन हे सर्व मिळून सर्वांचे, ज्याचा त्याचा ठरावीक अविभक्त हिस्सा. आपल्याकडे महाराष्ट्रात १९७० साली आणि कर्नाटकात १९७२ साली अपार्टमेंट मालकीचे कायदे झाले. ते सहकारी गृहनिर्माण संस्थेहून वेगळे आहेत. सहकारी संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेची, सभासद हा भागधारक. अपार्टमेंटच्या कायद्यात फ्लॅटवाला स्वतःच मालक, आणि सामाईक भागातला त्याचा हिस्सा त्याच्या फ्लॅटला कायमचा चिकटलेला. फ्लॅट विकला की हिस्साही गेला. हिस्सा वेगळा काढून विकता येत नाही. या कायद्यांत सामाईक भागांची व्याख्या दिली आहे. मी ती मुद्दाम वाचली. पहिली येते ती जमीन. लगेच पुढे पाया, मग खांब, तुळया, आधार, मुख्य भिंती, छत. पोहण्याचा तलाव त्या ओळीत नाही. कायदा करणाऱ्यांना अब्बांसारखी शिस्त होती म्हणायची.

म्हणजे सतराव्या मजल्यावरचा माणूससुद्धा पायाचा मालक असतो. त्याने तो पाहिलेला नसतो, आणि बहुधा त्याविषयी विचारलेलेही नसते. पण दुरुस्तीचा खर्च निघाला की त्याच्या हिश्शाचे बिल त्याच्या दारात येते.

मिलेनियम टॉवरच्या दुरुस्तीची योजना ठरली ती अशी: फुटपाथखालून थेट खडकापर्यंत ५२ नवे खांब घालायचे आणि इमारतीचा काही भार त्यांच्यावर द्यायचा. खर्च सुमारे दहा कोटी डॉलर. तडजोडीत त्याची तरतूद झाली. काम सुरू झाले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये थांबवावे लागले, कारण खांब घालतानाच इमारत आणखी खचू आणि कलू लागली. औषधानेच ताप वाढावा तसे झाले. पुन्हा हिशेब मांडून ५२ ऐवजी १८ खांबांवर काम आणले आणि २०२३ मध्ये भार त्यांच्यावर चढवून ते पूर्ण केले. तोपर्यंत माथ्याशी इमारत दोन फुटांहून अधिक बाजूला गेली होती. ती पडण्याच्या बेतात होती असे कोणी समजू नये. लोक तिथे सर्व काळ राहत होते आणि आजही राहतात. काही जण मात्र तोट्यात घर विकून निघून गेले.

इथपर्यंतच्या हकीकतीत कोणाचा जीव गेला नाही. दुसरी एक थोडक्यात सांगतो, तिच्यात गेले. फ्लोरिडात मायामीजवळ सर्फसाइड नावाचे गाव आहे. तिथे समुद्रकाठी १९८१ साली बांधलेली चॅम्पलेन टॉवर्स साउथ नावाची बारा मजली इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे कोसळली. ९८ माणसे मेली. २०१८ मध्ये एका अभियंत्याने अहवाल दिला होता की तलावाच्या चौथऱ्याखालच्या काँक्रीटची मोठी नासाडी झाली आहे आणि पाणी मुरणे थांबवले पाहिजे. अहवाल मालकांच्या मंडळाच्या हातात होता. पण दुरुस्तीला दीड कोटी डॉलर लागत होते आणि गंगाजळी त्या मानाने नगण्य होती. सभा झाल्या, वाद झाले. २०२१ च्या एप्रिलमध्ये वर्गणी बसवल्याची नोटीस निघाली आणि जूनमध्ये इमारत गेली. ती नेमकी कशाने पडली याची चौकशी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या तज्ज्ञ संस्थेकडे गेली. ते काम तज्ज्ञांचे. मी फक्त एप्रिल आणि जून हे दोन महिने तेवढे मुलांना फळ्यावर लिहून दाखवतो. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने कायदा करून अशा इमारतींना गंगाजळी ठेवणे सक्तीचे केले.

सामाईक विहिरीचा गाळ काढायची वेळ आली की वाड्यात जे होते तेच तिथे झाले, असे मला वाटते. पाणी रोज सगळे भरतात. गाळाचे नाव काढले की एकाला घर विकायचे असते, दुसऱ्याचे वय झालेले असते, तिसरा म्हणतो आमचे नळाचे पाणी पुरते. कोणी दुष्ट नसतो. आपली संस्था पन्नास वर्षे टिकली तिचे हिशेब ज्यांनी ठेवले त्यांना हे माझ्याहून चांगले माहीत आहे, म्हणून यावर अधिक बोलत नाही.

आपल्याकडच्या कायद्याचा आणखी एक आकडा सांगायचा राहिला. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा कायद्याप्रमाणे, ज्याला आपण सगळे 'रेरा' म्हणतो, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो पदरचे पैसे घालून दुरुस्त करायचा. तरतूद चांगलीच आहे. पूर्वी एवढीही नव्हती. पण मिलेनियम टॉवर २००९ साली खुला झाला आणि खचल्याचे उघड झाले २०१६ साली. मधे सात वर्षे गेली. कॅलिफोर्नियात दडलेल्या दोषासाठी दहा वर्षांची मुदत आहे म्हणून त्या लोकांचे दावे मुदतीत बसले. आपल्या या एका कलमापुरते बोलायचे तर त्यांना दोन वर्षे उशीर झाला असता. माती कायद्याचे कॅलेंडर बघून दबत नाही.

भावाला मी काय सांगितले, असे काही मंडळींनी मघाशी चहाच्या वेळी विचारले. मी त्याला घेऊ नको असे म्हटलेले नाही. उंच इमारतीला माझा विरोध नाही. शहरात माणसे वाढली, जमीन वाढली नाही; माणसांनी वर जायचे नाही तर कुठे? आणि उंच तेवढे धोक्याचे असेही नाही. खडकावर नीट टेकलेली साठ मजली इमारत भुसभुशीत भरावावरच्या दुमजली घरापेक्षा निर्धास्त असू शकते. मी त्याला तीन गोष्टी लेखी मागायला सांगितल्या: मातीचा तपासणी अहवाल, सामाईक भागाची आणि त्याच्या हिश्शाची नोंद असलेले घोषणापत्र, आणि गंगाजळीत किती पैसे कोण कधीपासून भरणार त्याचा मसुदा. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले ते तलावाच्या छायाचित्रासह. तिसरे पत्र त्याने रजिस्टरने पाठवले. माझी भावजय वैतागून म्हणाली, "भाईजान, तुमच्या मातीपायी आमची टेकडी दुसरे लोक घेऊन जातील." तिचेही खोटे नाही. त्या मजल्यावरचे दोन फ्लॅट मधल्या काळात गेले.

गेल्या सोमवारी मातीचा अहवाल आला. बेचाळीस पानी, सगळा इंग्रजीत, आकडे आणि आलेखांनी भरलेला. पाच ठिकाणी भोके पाडून नमुने काढले आहेत, आणि पाचांपैकी चार ठिकाणी खडक बराच वर लागला आहे. पाचव्या ठिकाणी काय लागले ते एकोणिसाव्या पानावर आहे. मी सतराव्या पानापर्यंत आलो आहे. उद्या शाळेला सुटी आहे, उरलेली पाने उद्या वाचीन आणि रात्री त्याला फोन करीन.